मंगळाची माती आणि घरचे पीठ

सणाच्या आदल्या रात्री आपल्या घरच्या माउल्या पीठ भिजवितात, त्यात खमीर अथवा ताडी घालतात आणि भांडे झाकून ठेवतात. सकाळी पाहावे तो पीठ फुगून वर आलेले! खमिरातील असंख्य सूक्ष्म जीव पिठातील साखर खाऊन वायू सोडतात, त्याचा हा परिणाम. परंतु घाईच्या दिवशी पिठात आंबट ताक आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घातला, तरीही ते फुगतेच. तेथे जिवाचे काम काहीच नसते. ती केवळ रासायनिक क्रिया असते. तेव्हा फुगलेले पीठ तेवढे पाहून, हे खमिराने झाले की सोड्याने, हे कोणास सांगता येईल काय?

प्रिय वाचकहो, परग्रहावर जीव आहेत काय, या प्रश्नाचे मर्म ह्या स्वयंपाकघरातील कोड्यात दडलेले आहे.

१९७६ साली अमेरिकेच्या नासा संस्थेची 'व्हायकिंग' नावाची दोन याने मंगळावर उतरली. पहिले २० जुलै रोजी आणि दुसरे ३ सप्टेंबर रोजी. जीव शोधण्यासाठी त्यांच्यात तीन प्रयोगांची सामग्री होती. त्यांतील एका प्रयोगाची हकीकत विशेष मननीय आहे. यंत्राच्या हाताने उचललेल्या मातीवर पोषक द्रव्याचे थेंब टाकण्यात आले. त्या द्रव्यातील कार्बन किरणोत्सर्गी होता; हेतू हा की, मातीतील जिवांनी ते अन्न खाऊन वायू सोडला, तर तो वायू ओळखू यावा. आणि खरोखरच वायू आला! मग तीच माती १६० अंश सेल्सियसपर्यंत तापवून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा वायू येईना. खमीर उकळत्या पाण्यात मरावे आणि पीठ बसावे, तसाच हा प्रकार दिसला.

मग जीव सापडला, असे म्हणावयास हरकत कोणती होती? हरकत होती. त्याच मातीवर पोषक द्रव्य दुसऱ्यांदा टाकले, तेव्हा नवा वायू आला नाही. उलट होता त्यातील काही मातीत परत शोषला गेला. भुकेला जीव दुसरे ताट असे नाकारीत नाही. शिवाय दुसऱ्या एका उपकरणाने माती ५०० अंशांपर्यंत तापवून पाहिली, तेव्हा तीत जीवदेहाची सामग्री असणारी सेंद्रिय द्रव्ये मिळाली नाहीत. क्लोरीनयुक्त द्रव्यांचा अल्पसा अंश मिळाला. तो पृथ्वीवरूनच यंत्रासोबत गेला असावा, असे तेव्हा मानण्यात आले. बहुतेक शास्त्रज्ञांनी निर्णय दिला की, हे सोड्याचे काम आहे, खमिराचे नव्हे. प्रयोगाचे जनक गिल्बर्ट लेव्हिन यांस तो निर्णय पटला नाही. २०२१ साली ते निवर्तले, तोवर त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही.

पुढे २००८ साली 'फिनिक्स' यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरले आणि तेथील मातीत त्यास परक्लोरेट नावाचे क्षार आढळले. हे क्षार तापविले असता सेंद्रिय द्रव्यांचा नाश करतात आणि त्यातून क्लोरीनयुक्त द्रव्ये निर्माण होतात. म्हणजे १९७६ साली जे नाही म्हटले गेले, ते कदाचित भट्टीतच जळून गेले असावे! पुढील यानांना मंगळाच्या खडकांत सेंद्रिय द्रव्ये मिळालीही. तथापि तेवढ्याने जीव सिद्ध होत नाही. आकाशातून पडणाऱ्या उल्कांतही अशी द्रव्ये असतात.

ताजे उदाहरण 'पर्सिव्हियरन्स' या फिरत्या यानाचे. २०२४ च्या जुलै महिन्यात त्याला जेझेरो विवराच्या परिसरातील एका खडकावर चित्त्याच्या कातडीसारखे ठिपके दिसले. त्यांत लोहाची अशी दोन खनिजे आढळली की, जी आपल्या पृथ्वीवर पुष्कळदा सूक्ष्मजीवांच्या व्यापारातून बनतात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी त्यास केवळ जीवाची 'संभाव्य खूण' म्हटले. कारण तीच खनिजे जिवावाचूनही बनू शकतात. वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी मात्र तेवढा संयम पाळलाच, असे नाही.

असे मथळे वाचून मुले विचारतात, "परग्रहावर जीव निघाला, तर आपल्या धर्माचे काय?" आईबापांनी ह्या प्रश्नाने बावरून जाऊ नये, त्यांस दटावूही नये. येशूसंघीय धर्मगुरू होजे गाब्रिएल फुनेस हे व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख असताना, २००८ साली, त्यांनी व्हॅटिकनच्या वृत्तपत्रातून स्पष्ट सांगितले की, अन्यत्र जीव असणे आणि देवावर श्रद्धा असणे यांत विरोध नाही. देवाच्या सर्जनशक्तीला आपण सीमा घालू शकत नाही. पुढील वर्षी पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीने ह्याच विषयावर जगातील तज्ज्ञांना व्हॅटिकनमध्ये पाचारण केले. सत्याला भिणारी ख्रिस्तसभा असे आमंत्रण देती ना.

आम्हांस या हकीकतीत मुलांना शिकविण्याजोगी गोष्ट दिसते, ती वेगळीच. १९७६ साली 'होय' म्हणणे घाईचे ठरले असते. आणि 'नाही' म्हणणाऱ्यांनाही बत्तीस वर्षांनी पुन्हा विचार करावा लागला. खूण दिसताच निर्णय देणे सोपे. कसून परीक्षा करून थांबणे कठीण. शेजाऱ्याच्या दारी अवेळी कोणी दिसले, एवढ्यावरून आपण गावभर काय काय बोलत नाही! दूरच्या ग्रहावरील मूठभर मातीविषयी विद्वान लोक पन्नास वर्षे निर्णय राखून ठेवतात, तर आपल्या बंधूविषयी आपण एक रात्र तरी थांबू नये काय?