लसीचा रकाना, दाराची कडी

मुंबईत करी रोडचा पूल उतरून भारतमाताकडे आलं की चालत अर्ध्या तासाच्या आत केईएम, टाटा, वाडिया आणि साथीच्या रोगांचं कस्तुरबा. आमच्याकडे आजाराचं नाव कुणी घेत नाही, इस्पितळाचं घेतात. ‘टाटाला नेलंय’ म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. ‘कस्तुरबाला ठेवलंय’ म्हटलं की ऐकणारा नकळत दोन पावलं मागे सरतो. आणि चाळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात दाराआडच्या खिळ्याला एक पिशवी लटकत असते. ती बहुधा साडीच्या दुकानातली असते, आणि आत केसपेपर, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, रेशनकार्डाची झेरॉक्स. रात्री-अपरात्री निघायची वेळ आली तर आधी पिशवी, मग चपला.

जानेवारी २०२२ मध्ये आमच्या मजल्यावरच्या आजी मोरीत घसरून पडल्या. जवळच्याच एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, “व्हॅक्सिन झालंय का?” पिशवीत सगळं होतं, तेवढं सर्टिफिकेट नव्हतं. नातू घरी पळाला. मोबाइलवर काढायला गेला तर ओटीपी डोंबिवलीच्या आत्याच्या नंबरवर, आणि आत्या भर गर्दीच्या लोकलमध्ये. अर्धा तास आजी बाकावर, मांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून. शेवटी डॉक्टरच बाहेर आले आणि ओरडले, “पेशंट अजून बाहेर का?” तेव्हा कळलं की त्या मुलीला फॉर्ममधला एक रकाना भरायचा होता. ‘हो’ किंवा ‘नाही’, एवढंच. तिने ते सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

रुग्णाच्या लसीबद्दलचे बहुतेक गैरसमज याच जातीचे आहेत. रकाना पाहिला की आपल्याला कडी दिसते.

गैरसमज १ : लसीचं सर्टिफिकेट नसेल तर ॲडमिट करून घेत नाहीत.

वस्तुस्थिती : ही भीती आली लोकलमधून. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांनाच लोकलचा पास मिळू लागला. करी रोडच्या खिडकीवर सर्टिफिकेट दाखवून पास काढलेल्या माणसाला वाटणारच, की गाडीला लागतं तर इस्पितळाला तर आधी लागेल. पण इस्पितळाचा कायदा उलट्या दिशेने चालतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं की तातडीच्या रुग्णाचा जीव वाचवणं हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, कागदपत्रं नंतर. कोविडच्या ऐन दुसऱ्या लाटेत, ८ मे २०२१ रोजी, केंद्राच्या आरोग्य खात्याने स्पष्ट केलं की भरती होण्यासाठी पॉझिटिव्ह रिपोर्टचीही सक्ती नाही आणि कोणत्याही कारणाने रुग्णाला सेवा नाकारू नये. पुढे २ मे २०२२ च्या जेकब पुलियेल निकालात न्यायालयाने म्हटलं, कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं, पण ते त्या वेळच्या परिस्थितीला धरून असले पाहिजेत. महाराष्ट्राने तर त्याआधी महिनाभर, गुढीपाडव्याला, कोविडचे निर्बंध उठवले होते.

म्हणून काउंटरवर लसीबद्दल विचारलं तर जे खरं आहे ते सांगा आणि लगेच पुढचं वाक्य बोला : “पेशंटला आत घ्या, कागद मागून देतो.”

गैरसमज २ : नर्सिंग होममध्ये लस घेतल्याशिवाय राहू देत नाहीत. अमेरिकेतला मुलगा सांगत होता.

वस्तुस्थिती : मुलगा आणि आई दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. तिकडचं नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या, परावलंबी माणसांनी वर्षानुवर्षं राहायची जागा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे दहा-पंधरा खाटांचं खाजगी हॉस्पिटल, बहुतेकदा बाळंतपणाचं. १९४९ च्या कायद्यात त्याला ‘शुश्रूषागृह’ म्हटलंय आणि नोंदणी त्याच कायद्याखाली होते. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे तिथे रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. पुढच्या वेळी काउंटरपाशी थांबलात तर भिंतीवर ती शोधा.

अमेरिकेतही रुग्णावर सक्ती नाही. २००५ पासून तिथला केंद्रीय नियम असा की नर्सिंग होमने प्रत्येक रहिवाशाला फ्लूची आणि न्यूमोनियाची लस देऊ करायची, फायदे-तोटे समजावून सांगायचे, आणि त्याने नको म्हटलं तर तसं लिहून ठेवायचं. बंधन संस्थेवर आहे, म्हाताऱ्या माणसावर नाही. कोविडमध्ये सक्ती झाली ती कर्मचाऱ्यांवर, आणि तीही २०२३ मध्ये मागे घेतली गेली. यातलं तत्त्व आपल्या वृद्धाश्रमांनी उचलावं असं आहे : जो दहा खाटांवर हात लावत फिरतो त्याने आधी टोचून घ्यावं.

गैरसमज ३ : डायलिसिसवाले काविळीची लस मागतात तो विक्रीचा धंदा.

वस्तुस्थिती : डायलिसिसमध्ये अंगातलं रक्त नळीवाटे बाहेर येतं, मशीनमधून फिरून परत जातं. आठवड्यातून दोनदा-तीनदा, एकाच हॉलमध्ये, शेजारीशेजारी. हिपॅटायटिस बीचा, म्हणजे कावीळ ‘ब’चा, विषाणू रक्तातून पसरतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर आठवडाभर जिवंत राहू शकतो. म्हणून सुरुवातीलाच रक्त तपासतात, कावीळ ‘ब’ असलेल्याला वेगळं मशीन देतात आणि बाकीच्यांना लस घ्यायला सांगतात.

या रुग्णांना नेहमीच्या दुप्पट मात्रा लागते : पहिला डोस, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. किडनी थकलेल्या शरीरात प्रतिपिंडं नीट तयार होत नाहीत, म्हणून नंतर त्यांचं प्रमाणही मोजतात. ते १० mIU/mL च्या खाली आलं तर पुन्हा लस. या कारणानेच ‘क्रिएटिनिन वाढलंय’ एवढंच कळलं असतानाच लस सुरू केलेली बरी. पण डोस पूर्ण होईपर्यंत डायलिसिस थांबत नाही. दोन्ही बरोबरीने चालतात.

तसंच प्लीहेचं. थॅलेसेमियासारख्या आजारात प्लीहा काढायचं आधीच ठरलेलं असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिबच्या लसी किमान दोन आठवडे आधी देतात. अपघातात प्लीहा फुटली तर मात्र आधी ऑपरेशन, लस नंतर. लस जिथे सगळ्यात गरजेची, तिथेही ती वाट अडवत नाही.

गैरसमज ४ : आधीच आजारी आहे, त्यात लस? घरी जाऊन बरं वाटल्यावर बघू.

वस्तुस्थिती : सणसणीत ताप असेल, प्रकृती अस्थिर असेल तर डॉक्टर स्वतःच थांबतात. पण सर्दी, किरकोळ ताप, जुना मधुमेह, दमा, हृदयविकार ही लस टाळण्याची कारणं नाहीत. शेवटची तीन तर घेण्याची कारणं आहेत. ‘घरी गेल्यावर बघू’ची तारीख कधी येत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

हार्ट अटॅक आलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ देश, अडीच हजारांहून अधिक रुग्ण. निम्म्यांना इस्पितळात असतानाच फ्लूची लस दिली, निम्म्यांना नुसतं सलाइन टोचलं. वर्षभरात लसवाल्यांपैकी २.९ टक्के दगावले, दुसऱ्या गटातले ४.९ टक्के. फ्लूच्या तापाचा ताण दुबळ्या हृदयाला सोसत नाही, असं त्याचं एक कारण मानतात.

मुलांच्या वॉर्डात तर लस राहिलेलं मूल शेजारच्या खाटेवरच्या मुलालाही धोका असतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा चिंचपोकळीच्या कस्तुरबामध्ये लहान मुलं भरती होत होती. गोवराचं मूल खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहतो. एरवी गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात. साथीच्या भागात ती त्याआधीच, सहा महिने पुरे झालेल्यांनाही, जादा डोस म्हणून दिली गेली.

गैरसमज ५ : केमो चालू आहे, म्हणजे कुठलीच लस चालत नाही.

वस्तुस्थिती : चालत नाहीत त्या जिवंत जंतू दुबळे करून बनवलेल्या : गोवर-रुबेला, कांजिण्या. फ्लूच्या इंजेक्शनात मेलेला विषाणू असतो. ते चालतं, पण कोणत्या सायकलच्या आधी-नंतर हे केमो देणाऱ्या डॉक्टरनेच सांगायचं. परळच्या फूटपाथवर टाटाच्या रुग्णांसोबत राहणारे नातेवाईक एक गोष्ट करू शकतात : स्वतः फ्लूची लस घेणं. रुग्णाच्या अंगात लस नीट काम करत नसेल तेव्हा त्याच्याभोवतीच्या माणसांची लस त्याच्या कामी येते.

गैरसमज ६ : ओल्या बाळाला टोचून कशाला रडवायचं? सव्वा महिना होऊ द्या.

वस्तुस्थिती : प्रसूतिगृहातून घरी जाण्याआधी बाळाला तीन गोष्टी मिळतात : डाव्या दंडावर बीसीजी, तोंडात पोलिओचे दोन थेंब, मांडीत कावीळ ‘ब’ची लस. तिसरी २४ तासांच्या आत हवी, कारण आईकडून विषाणू आला तर तो बहुतेकदा बाळंतपणातच येतो. नंतरच्या फेरीत ती चूक भरून निघत नाही. सव्वा महिना मानणाऱ्यांचीही अडचण होत नाही. पुढची लस सहाव्या आठवड्याला, म्हणजे बेचाळिसाव्या दिवशी, सव्वा महिना उलटल्यावरच.

बीसीजीची जागा नीट पाहण्यासारखी असते. टोचल्यावर फोड येतो तो लगेच जिरतो. काही आठवड्यांनी तिथे मुगाएवढी गाठ येते, फुटते, थोडा पू येतो, खपली धरते आणि वण उरतो. ही जखम चिघळली म्हणून हळद लावणाऱ्या, शेकणाऱ्या आज्या अजून आहेत. काही लावू नका, कोरडं ठेवा. आणि वण उठला नाही म्हणून बीसीजी पुन्हा द्यायची गरज नसते.

गैरसमज ७ : गंजका खिळा लागला की टीटी, कुत्रा चावला की पोटात चौदा.

वस्तुस्थिती : धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात. गंज निर्दोष, खिळ्यावरची घाण दोषी. आता टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण आहे. लसींचा मूळ क्रम पूर्ण असेल तर स्वच्छ जखमेला दहा वर्षांत आणि घाणेरड्या जखमेला पाच वर्षांत पुन्हा घ्यावी लागत नाही. पण शेवटची कधी घेतली ते आठवत नसल्यामुळे दर वेळी सुई टोचली जाते.

पोटातली इंजेक्शनं वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडाच्या कातडीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेच्या भोवती सीरमही. पालिकेच्या इस्पितळात हे मोफत मिळतं. त्याआधी घरच्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. इथे ‘नको’ म्हणण्याचा हक्क वापरू नका.

गैरसमज ८ : सक्ती केल्याशिवाय लोक लस घेत नाहीत.

वस्तुस्थिती : सक्तीचा सगळा इतिहास आपल्या दारातूनच गेलाय. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईतच एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. १८७७ मध्ये शहरात मुलांना देवी काढणं कायद्याने सक्तीचं झालं. प्लेग आला तेव्हा इस्पितळात धरून नेण्याच्या धास्तीने घरोघर रोगी लपवले जाऊ लागले, आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. तेच आजचं कस्तुरबा. इस्पितळाचं दार ज्यांना सापळ्यासारखं वाटत होतं, ते याच वस्तीतले लोक.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, १० जानेवारी १८९७ रोजी, भायखळ्याला वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगातल्या इच्छुक कैद्यांना दिली. परळच्या आचार्य दोंदे मार्गावरची संस्था त्यांच्याच नावाची. देवीचा रोग १९७० च्या दशकात संपला तोही नुसत्या कायद्याच्या धाकाने नाही. रोगी सापडला की त्याच्या भोवतालच्या प्रत्येक घराची कडी वाजवून लस दिली गेली. कडी वाजवणारा माणूस लस घेऊन बाहेर उभा होता.

आमच्या आजींच्या दंडावर देवीचे दोन वण आहेत, रुपयाएवढे. त्यांच्या वेळी तोच दाखला होता. ना ओटीपी, ना डोंबिवलीची आत्या. आपल्याला कागद लागतो. म्हणून दाराआडच्या पिशवीत एक पान वाढवा. त्यावर माणसाचं नाव, कोणती लस, कोणत्या महिन्यात. टीडी, कावीळ ‘ब’, फ्लू, न्यूमोनिया, कोविड. काय सोसत नाही तेही लिहा. बाळाचं लसीकरणाचं कार्ड तिथेच ठेवा, आणि पान हाताने लिहिलेलं असलं तरी चालेल.

आजींच्या खुब्यात आता प्लेट आहे. मध्यंतरी तपासणीला नेलं होतं. काउंटरवर नवी मुलगी होती आणि प्रश्न जुनाच. नातवाचा हात खिशातल्या मोबाइलकडे जाण्याआधी आजी म्हणाल्या, “दोन झालेत, तिसरा नाही. लिही, आणि आधी खुर्ची दे.”

मुलीने लिहिलं. खुर्चीही दिली.