६१७४ (संख्या)

६१७४ ही एक सम नैसर्गिक संख्या असून ती कापरेकर स्थिरांक या नावाने ओळखली जाते. देवळाली (जि. नाशिक) येथील शालेय शिक्षक व गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये तिचा वैशिष्ट्यपूर्ण गुणधर्म शोधून काढला.

कापरेकरांची रीत

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक समान नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून मिळणाऱ्या संख्येतून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून मिळणारी संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या मिळते. त्यानंतर ७६४१ − १४६७ = ६१७४ असल्यामुळे उत्तर बदलत नाही.

उदाहरणार्थ, कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास सातही पायऱ्या लागतात :

१. ९५१० − ०१५९ = ९३५१
२. ९५३१ − १३५९ = ८१७२
३. ८७२१ − १२७८ = ७४४३
४. ७४४३ − ३४४७ = ३९९६
५. ९९६३ − ३६९९ = ६२६४
६. ६६४२ − २४६६ = ४१७६
७. ७६४१ − १४६७ = ६१७४

उत्तर तीन अंकी आल्यास आरंभीचे शून्य धरणे आवश्यक आहे. १००० − ०००१ = ०९९९ येथे शून्य वगळले, तर पुढील वजाबाकी ९९९ − ९९९ अशी होऊन शून्य उरते.

कारणमीमांसा

उतरत्या क्रमाने मांडलेले अंक अ, ब, क, ड मानल्यास वजाबाकीचे उत्तर ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) असे येते. म्हणजेच उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा नसतो. त्यामुळे पहिल्या वजाबाकीनंतर केवळ ५४ उत्तरे संभवतात. ती एकेक तपासली की गुणधर्म सिद्ध होतो. हे काम विद्यार्थ्यालाही कागद-पेन्सिलीने करता येते. ६१७४ साठी हे फरक ६ व २ आहेत : ५९९४ + १८० = ६१७४.

तीन अंकी संख्यांसाठी असा स्थिरांक ४९५ आहे. दोन अंकी संख्यांसाठी मात्र एकच स्थिरांक नाही. तेथे ०९, ८१, ६३, २७, ४५ हे चक्र फिरत राहते.

इतर गुणधर्म

* मूळ अवयव : ६१७४ = २ × ३² × ७³. एकूण विभाजक २४.
* अंकांची बेरीज १८ असून ६१७४ ÷ १८ = ३४३. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ असे नाव दिले.
* १८³ + १८² + १८ = ६१७४.
* ६१७४ पेक्षा लहान आणि तिच्याशी १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या नैसर्गिक संख्या १७६४ आहेत. या संख्येतही तेच चार अंक येतात. शिवाय ती ४२ चा वर्ग आहे.

इतिहास

कापरेकरांनी गणिताचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले नव्हते. १९३० ते १९६२ या काळात ते देवळालीत अध्यापन करीत होते. ६१७४ विषयीचा त्यांचा लेख १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतीय गणितज्ञांनी आरंभी त्यांच्या संशोधनाची फारशी दखल घेतली नाही. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर त्यांचे कार्य जगभर परिचित झाले.