कंटेनरचे मूळ

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता एका तिरप्या रेघेपासून सुरू होतो. ही रेघ म्हणजे फाइलवृक्षाचे मूळ. (वृक्ष उलटा आहे, मूळ वर, फांद्या खाली!) हे मूळ सर्व प्रोग्रामांना एकच असते का? नाही. कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, प्रत्येक चालू प्रोग्रामच्या मुळाची स्वतंत्र नोंद ठेवते.

१९७९ च्या युनिक्समधील ‘सीएचरूट’ तेवढी नोंदच बदलते. जुना वृक्ष जागेवरच असतो. त्यामुळे सर्वाधिकार असलेला प्रोग्राम आत आणखी एक मूळ ठरवतो, स्वतः त्याच्या बाहेर राहतो आणि वर चढत निसटतो.

म्हणून एकाच संगणकावर परस्परांपासून वेगळे राहणाऱ्या कंटेनरांना कर्नेल ‘माउंट नेमस्पेस’ देते. कोणता वृक्ष कोठे जोडला आहे, त्या यादीची ही वेगळी प्रत. लिनक्समध्ये ती २००२ पासून आहे. या प्रतीत ‘पिव्हट रूट’ नवा वृक्ष मुळाशी आणते. बाजूला सारलेला जुना वृक्ष मग सोडवून टाकतात. आता चढायला वर काही उरत नाही.

तरीही जानेवारी २०२४ मध्ये कंटेनर सुरू करणाऱ्या ‘रनसी’ या प्रोग्राममधील दोष उघडकीस आला. यजमान संगणकाचे एक फोल्डर उघडेच राहून कंटेनरच्या हाती लागत होते. यादीतून खोडलेला वृक्षही कोणी आधीच धरून ठेवला असेल, तर कर्नेल तो त्याच्या हातून काढून घेत नाही.