उपप्रश्नाचा अधिकार

महाराष्ट्र विधिमंडळाची तारांकित प्रश्नांची यादी ज्याने एकदा तरी हाती घेतली असेल, त्याला तिची ठराविक भाषा सहज ओळखू येईल. अमुक खात्याचे मंत्री 'पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी प्रस्तावना, मग 'हे खरे आहे काय', मग 'असल्यास' चौकशीत काय आढळून आले, आणि अखेरीस 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. समोरच्या रकान्यात उत्तर असते, 'हे अंशतः खरे आहे', आणि त्याखाली पुष्कळदा तीनच शब्द: 'प्रश्न उद्भवत नाही'. वाचणाऱ्याला वाटते, विषय संपला. वस्तुतः संसदीय कारभाराचे सारे मर्म तेथून पुढे सुरू होते. कारण छापील उत्तर दप्तरातील कारकुनाच्या लेखणीतून उतरून सचिवांच्या नजरेखालून आलेले असते, परंतु त्यानंतर सभासद जागेवर उभा राहून जो उपप्रश्न विचारतो त्याचा मजकूर मंत्र्याला आगाऊ ठाऊक नसतो, आणि त्याची जबाबदेही त्याला सभागृहासमक्ष स्वतःच्या तोंडाने करावी लागते.

हा अधिकार आपल्याला एकाएकी मिळालेला नाही. 1861 च्या कायद्याने निर्माण झालेल्या कौन्सिलांत सरकारला प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. 1892 साली प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली, मात्र उपप्रश्नाची नाही व मतदानाचीही नाही. याच अपुऱ्या मुभेवर 26 मार्च 1902 रोजी गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात उभे राहिले, आणि खजिन्यातील शिल्लक हे रयतेच्या सुबत्तेचे लक्षण नसून जादा कराचे फळ आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध करून मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. पुढील वर्षी तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. 1909 मध्ये उपप्रश्नाची परवानगी मिळाली ती केवळ मूळ प्रश्नकर्त्याला. सभागृहातील कोणाही सभासदाला तो हक्क मिळण्यास 1919 च्या सुधारणा याव्या लागल्या.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने 105 व्या अनुच्छेदात, आणि राज्यांच्या विधिमंडळांपुरते 194 व्या अनुच्छेदात, सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल सभासदाला कोणत्याही न्यायालयात खेचता येणार नाही असे संरक्षण दिले. हे संरक्षण सभासदाच्या मानमरातबासाठी दिलेले नाही. ज्याची रोजी सरकारच्या मर्जीवर अवलंबून आहे किंवा ज्याला धनिकाच्या दाव्याची धास्ती आहे अशा सामान्य माणसाला जे बोलता येत नाही, ते त्याच्या वतीने कोणाला तरी निर्भयपणे बोलता यावे, हा त्यामागचा हेतू.

तो हेतू किती दूर पोहोचू शकतो हे 1957 साली दिसले. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते, तोच जूनमध्ये हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग महामंडळाने, आपल्या गुंतवणूक समितीला न विचारता, खरेदी केले. लोकसभेत प्रश्न आले, गुळमुळीत उत्तरे मिळाली. 16 डिसेंबर 1957 रोजी रायबरेलीचे सभासद फिरोज गांधी बोलावयास उठले. ते सत्तारूढ काँग्रेसचेच सभासद होते, पंतप्रधानांचे जामात होते, आणि तरीही तारखा व भाव यांची अशी जोडणी त्यांनी सभागृहापुढे मांडली की चौकशी टाळणे सरकारला अशक्य झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी ती चौकशी मुंबईत उघडपणे चालविली व काही आठवड्यांतच निकालात काढली. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला, आणि त्या वर्षीचे अंदाजपत्रक स्वतः नेहरूंना मांडावे लागले. विम्याचा हप्ता भरणाऱ्या शिक्षकाला वा गिरणी कामगाराला आपल्या पैशाचा जाब घेण्याचा दुसरा कोणता मार्ग होता? मला तरी दिसत नाही.

सभागृहातील भाषण बाहेर पोहोचले नाही तर ते निम्मे वाया जाते, हेही फिरोज गांधींनी ओळखले होते. संसदेच्या कामकाजाचा खरा वृत्तान्त सद्हेतूने छापणाऱ्या वृत्तपत्रावर खटला होऊ नये, असा कायदा त्यांनी खासगी विधेयकाच्या रूपाने आणून 1956 मध्ये संमत करून घेतला होता. आणीबाणीत जुलै 1975 च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच तहकूब झाला, आणि 1976 मध्ये तो कायदाही रद्द झाला. ज्या सरकारने तो रद्द केला त्याच्या प्रमुखपदी त्यांच्याच पत्नी होत्या, ही गोष्ट लिहिताना आजही हात थबकतो. 1977 मध्ये नव्या लोकसभेने तो पुन्हा केला, आणि 44 व्या घटनादुरुस्तीने ते संरक्षण थेट संविधानातच दाखल झाले.

मंत्र्याने 'माहिती घेऊन कळवितो' म्हटले की तेही वाऱ्यावर जात नाही. लोकसभेत 1953 पासून आश्वासनांची समिती आहे, व शिरस्त्याप्रमाणे तीन महिन्यांत त्या शब्दाची पूर्तता व्हावी लागते. ही सारी प्रश्नोत्तरे आता संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. वाचकहो, या दिवाळीत सवड काढून आपल्या मतदारसंघाच्या सभासदाचे नाव तेथे शोधा. त्याने गेल्या अधिवेशनात काय विचारले, आणि उत्तर मिळाल्यावर तो पुन्हा उभा राहिला की खाली बसला, एवढे अवश्य पाहा.