विलायती हाडसांधी

मराठी शिकवणाऱ्या माणसाने विलायती पाल्याच्या भानगडीत का पडावे? कारण शब्दाचेच आहे. कॉम्फ्री या वनस्पतीला इंग्रज खेडूत ‘निटबोन’ म्हणत, म्हणजे हाड सांधणारी. आपल्या कांडवेलीलाही हाडसांधी म्हणतात. दोघींचे गोत्र वेगळे, मुलूख वेगळा; बारसे मात्र एकाच कल्पनेने झालेले!

एसेक्स परगण्यातील कॉगशॉल गावी हेन्री डबलडे (१८१०–१९०२) नावाचे क्वेकर गृहस्थ राहत. टपाल तिकिटांसाठी डिंक मिळेल या आशेने त्यांनी १८७० नंतरच्या दशकात रशियातून हिची रोपे मागवली. डिंक काही साधला नाही. पण तिची वाढ पाहून गृहस्थ हरखले ते कायमचे. पुढे लॉरेन्स हिल्स यांनी त्यांच्या नावाने संशोधन संस्था काढली आणि जवळच्या बॉकिंग येथे निरनिराळे वाण क्रमांक देऊन पारखले. त्यांतले ‘बॉकिंग १४’ परसबागवाल्यांचे लाडके. त्याला बी धरत नाही. मुळाचा बोटभर तुकडा पुरला की रोप तयार. पण जागा विचार करूनच द्यावी. उपटून काढली तरी मातीत राहिलेला तुकडा पुन्हा फुटतो. घरजावई परवडला!

पाने हंगामात तीन-चारदा कापता येतात. त्यांत पालाश भरपूर, तंतू कमी. त्यामुळे ती झटपट कुजतात. कोणी ती सुकवून बटाट्याच्या सरीत अंथरतात, कोणी झाकणाच्या बादलीत दाबून ठेवतात. काही आठवड्यांनी तळाशी जमलेला काळा रस दहा-वीस पट पाण्यात मिसळून टोमॅटोला घालायचा. माझी धाकटी बहीण तिकडेच संसार करते. तिची बादली मी उघडून पाहिली आहे. त्या दुर्गंधीला उपमा शोधताना माझी सारी एम. ए.ची विद्या थिटी पडली.

“शेजारी तक्रार नाही ग करत?”

“टोमॅटो पोचते केले की कोण बोलतंय, दादा!”

तिच्या सासूबाईंची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. नाव हाडसांधीसारखे, तेव्हा गुडघ्यांसाठी पानांचा चहा घ्यायचाच, असा त्यांचा हट्ट. असा चहा तिकडे लोक वर्षानुवर्षे पीत, हेही खरे. परंतु हिच्या पानांत, आणि मुळांत तर अधिकच, यकृताला घातक अल्कलॉइडे असतात. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ साली, पोटात घेण्याची कॉम्फ्रीची उत्पादने बाजारातून काढा, असे उत्पादकांना सांगितले. हे मी त्यांना शांतपणे समजावले. दोन दिवस अबोला होता.

आता पाने त्याच कापतात. हातमोजे घालून, पानांवरची लव खाजरी असते.