व्हेंडरला गुण कसे द्यावेत?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं आणि आपल्या शॉपमध्ये त्याचं मशीनिंग करायचं, असा अनेक लघुउद्योजकांचा धंदा आहे. कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो, म्हणून व्हेंडर निवडतानाही नजर आधी दरावर जाते. तिथेच फसगत होते.

समजा, एकाने किलोमागे २ रुपये कमी लावले. पाच किलोच्या शंभर नगांत हजार रुपये वाचले. पण आतला ब्लोहोल वरून दिसत नाही, बोअरिंग केल्यावर उघडा पडतो. शंभरात दहा नग जास्त बाद झाले आणि नगामागे मशीनिंगचा खर्च १२० रुपये असेल, तर १,२०० रुपये पाण्यात गेले. कास्टिंगचे पैसे डेबिट नोट काढून वळते करता येतील. मशीनचा वाया गेलेला वेळ कोण भरून देणार?

म्हणून दर महिन्याला गुण मांडावेत. मालाच्या दर्जाला ५०, वेळेला ३०, तक्रारीच्या निवारणाला २०. आलेल्या २,००० नगांपैकी १,९४० पास झाले, म्हणजे ९७ टक्के, गुण ४८.५. दहापैकी सात लॉट ठरल्या दिवशी आले, गुण २१. तक्रारीचं कारण शोधलं, पण उत्तर उशिरा दिलं; गुण १४. बेरीज ८३.५.

एकाच महिन्याच्या आकड्यावर निकाल देऊ नये. तीन-चार महिन्यांचा कल पाहावा. बाद नगांसोबत हीट नंबर कळवावा, म्हणजे कोणत्या वितळणीत बिघडलं ते फाउंड्रीला शोधता येतं. शेड्यूल आपणच मध्ये बदललं असेल, तर त्या उशिराचे गुण कापू नयेत.

आपलाही हिशेब असतोच. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६च्या कायद्यानुसार लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. थकवले तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं.

तेव्हा गुणपत्रक व्हेंडरपुढे ठेवण्याआधी त्याची थकलेली बिलं काढून बघा. पैसे वेळेवर देणाऱ्यालाच माल वेळेवर मागण्याचा हक्क आहे.