कुजबुज ऐकून जवळ येणारे शिल्प

शिल्पाकडे टक लावून पाहणारा प्रेक्षक आपल्या परिचयाचा आहे. प्रेक्षकाचा आवाज ऐकून त्याच्याकडे मान वळवणारे शिल्प मात्र साठच्या दशकापर्यंत जवळजवळ कल्पनेतच होते. ते प्रत्यक्षात आणणाऱ्यांच्या पहिल्या फळीत एडवर्ड इह्नाटोविच यांचे नाव घ्यावे लागते. आज 'इंटरॲक्टिव्ह' कलेचा सर्वत्र बोलबाला असताना या कलावंताची वाटचाल समजून घेण्याजोगी आहे.

इह्नाटोविच यांचा जन्म १९२६ साली पोलंडमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित म्हणून रुमानिया आणि अल्जीरियामार्गे ते १९४३ मध्ये ब्रिटनला पोहोचले. ऑक्सफर्डच्या रस्किन कलाशाळेत शिल्पकलेचे शिक्षण घेतल्यावर ते फर्निचरच्या व्यवसायात स्थिरावले. मात्र १९६२ मध्ये या स्थैर्यावर पाणी सोडून ते एका गॅरेजमध्ये राहायला गेले आणि पुन्हा शिल्पाकडे वळले.

१९६८ मध्ये लंडनच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स'मध्ये जासिया रायहार्ट यांनी संगणक आणि कला यांवरील 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' हे गाजलेले प्रदर्शन भरवले. तेथे इह्नाटोविच यांचे 'सॅम' हे शिल्प होते. पाठीच्या मणक्यांसारखा कणा, त्यावर फुलासारखे शीर्ष आणि त्यात चार मायक्रोफोन अशी त्याची रचना. हलका, सलग आवाज आला की ते त्या दिशेला वळे. त्याचे लक्ष वेधून घेण्यासाठी प्रेक्षक बराच वेळ त्याच्यासमोर रेंगाळत.

पुढचे पाऊल अधिक मोठे होते. फिलिप्स कंपनीने आइंडहोव्हेन येथील 'इव्होल्युऑन' या विज्ञान प्रदर्शनगृहासाठी त्यांच्याकडून 'सेन्स्टर' हे शिल्प करून घेतले. ते १९७० मध्ये प्रेक्षकांसमोर आले. सुमारे साडेचार मीटर लांब आणि अडीच मीटर उंच अशा या पोलादी सांगाड्याचे सांधे लॉबस्टरच्या नांगीवरून बेतलेले होते. हायड्रॉलिक यंत्रणा त्याला हलवी, मायक्रोफोन आवाजाची दिशा टिपत, रडार प्रेक्षकांच्या हालचाली हेरत आणि संगणक या साऱ्याचा मेळ घाली. संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणाऱ्या अगदी आरंभीच्या शिल्पांत त्याची गणना होते.

त्याचे नियम अगदी साधे होते. हळू आवाज आला की मान त्या दिशेला झुकवायची; गोंगाट किंवा आडदांड हालचाल जाणवली की मागे सरायचे. पाहणाऱ्याला मात्र समोर एखादे लाजरे, कुतूहलाने भरलेले जनावर असल्याचा भास होई. याचे मर्म इह्नाटोविच यांनीच पुढे उलगडून सांगितले. शिल्पाची 'बुद्धी' मर्यादितच होती. पण दालनातील आवाजाचे पडसाद आणि लोकांचे अनपेक्षित वागणे यांमुळे त्याच्या हालचाली प्रत्यक्षापेक्षा कितीतरी गुंतागुंतीच्या वाटत. म्हणजे शिल्पाचा अर्धा भाग प्रेक्षकच घडवत होते.

१९७३ मध्ये त्यांनी 'बँडिट' हे शिल्प केले. त्याची दांडी ओढणाऱ्याच्या हाताच्या प्रतिसादावरून संगणक ती व्यक्ती पुरुष की स्त्री आणि तिचा स्वभाव कसा, याचा अंदाज बांधी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या यंत्र अभियांत्रिकी विभागातही त्यांनी संशोधन केले. जे यंत्र स्वतः हालचाल करत नाही, त्याला भोवतालचे जग खऱ्या अर्थाने कळू शकणार नाही, हा त्यांचा आग्रह होता. यंत्रमानवशास्त्रात हा विचार पुढे महत्त्वाचा ठरला.

अशा कलेची एक अडचण मात्र कायम आहे. चित्र भिंतीवर टांगले की काम संपते. चालते शिल्प रोज चालते ठेवावे लागते. 'सेन्स्टर'ही काही वर्षांतच मोडीत काढला गेला आणि त्याचा सांगाडा नेदरलँड्समधील कोलाइन्सप्लाट येथे एका कंपनीच्या आवारात उघड्यावर उभा राहिला. इह्नाटोविच १९८८ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांची ही सर्वांत गाजलेली निर्मिती मुकीच होती.

सुदैवाने कथा तेथे संपली नाही. पोलंडमधील क्राकोवच्या एजीएच तंत्रविज्ञान विद्यापीठाने २०१७ मध्ये तो सांगाडा मिळवला आणि नव्या नियंत्रणव्यवस्थेच्या साह्याने त्याला पुन्हा हालते केले. निर्वासित होऊन मायदेश सोडलेल्या कलावंताची निर्मिती अशा रीतीने त्याच्याच मायदेशी पोहोचली. गोंगाटाने दुरावणारे आणि कुजबुजीने जवळ येणारे हे शिल्प आजच्या कलकलाटातही काही सांगू पाहते. ऐकण्यासाठी आपण आवाज थोडा खाली आणायला हवा, इतकेच.